शून्याचा तास

सकाळचे पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. पंपघराच्या आवारातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये शून्यबाई स्टुलावर चढून छतातून आत येणाऱ्या नळीचा जोड सोडवत होती. जोड सुटला. तिनं नळीच्या तोंडाला मुठीएवढा पांढरा फिल्टर बसवला, खाली उतरली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सहाच्या ठोक्याला मशीनचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : शून्य तपासणी सुरू. आता तासभर मशीनला बाहेरची हवा मिळणार नव्हती. फिल्टरमधून गाळलेली, धुळीचा कण नसलेली हवा आत जाणार आणि मशीननं शून्य दाखवायचं. दाखवलं, तर पुढचे तेवीस तास ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा.

तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. प्रदूषण मोजणाऱ्या त्या ऑफिसात पाच तंत्रज्ञ होते. बाकीचे चौघे शून्य घ्यायचे ते सवडीनं. चहा झाल्यावर, जेवणाआधी, कधी दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं एकदम. ही एकटी रोज, ठरल्या वेळी. पहिल्यांदा कुणीतरी टोमणा म्हणून ‘शून्यबाई’ म्हणालं, आणि ते तिला इतकं फिट्ट बसलं की साहेबही पत्रात चुकून तसं लिहीत आणि मग खोडत.

मशीन तसं साधं. कागदाची लांब पट्टी, तिच्या एका बाजूला शर्टाच्या बटणाएवढी किरणोत्सारी चकती, दुसऱ्या बाजूला किरण मोजणारा काउंटर. पंप तासभर हवा ओढतो, धूळ पट्टीवर बसून गोल ठिपका होतो. ठिपका जितका जाड, तितके चकतीचे बीटा किरण त्यात अडतात आणि तितका काउंटरचा आकडा उतरतो. त्यावरून धूळ किती ते कळतं. तास संपला की पट्टी सरकते, नवा ठिपका सुरू. चकती इतकी दुबळी की तिचे किरण जाड पुठ्ठ्यानं अडावेत. तरी ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर अकरा वर्षांत केबिनची पायरी चढला नव्हता. “त्यात अणू आहे,” तो म्हणायचा, “आणि माझी पोरगी अजून शाळेत आहे.”

केबिनची जागा तिनंच निवडली होती. वीजकेंद्राची चिमणी इथून अडीच किलोमीटर, आणि वर्षातले आठ महिने वारा तिकडून इकडे. राख येणार असेल तर ती इथे आधी येणार. शून्याची वेळही तिनंच ठरवली. सकाळी सहाला हवा स्थिर, तापमान स्थिर, रस्त्यावर वाहनं नाहीत. मोजणीतून एक तास गाळायचाच, तर ज्यात काही घडत नाही असा गाळावा. आणि चौघा सवडीबाजांना लगाम बसावा म्हणून नियमपुस्तकात एक वाक्य तिनं स्वतः घातलं होतं : ‘सहा ते सात या वेळेत शून्य घेतलेले नसल्यास त्या दिवसाचे सर्व आकडे बाद समजावेत.’ त्या वाक्याचा तिला अभिमान होता. त्याला फट नव्हती.

सातला फिल्टर काढून ती बाहेर आली तेव्हा पंपघराचे वॉचमन काका बाकावरची राख फडक्यानं झटकत होते.

“आलात? म्हणजे राख आलीच.”

“राख तुमच्या डोक्यात आहे, काका. काल दिवसाची सरासरी सत्तर. मर्यादा शंभर.”

“तुमचा पायगुणच तसा आहे, बाई. तुमची गाडी फाटकात शिरते आणि वीस मिनिटांत हे सुरू होतं. तुम्ही तासभर आत दार लावून बसता, बाहेर आलात की संपलेलं असतं.”

“मशीन चोवीस तास जागं असतं.”

“मग एक तास डोळा लागत असेल.”

हे संभाषण गेल्या आठ-नऊ वर्षांत शेकडो वेळा झालं असेल. ती त्यावर हसायची. काका बायकोबरोबर पंपघराला लागून असलेल्या एका खोलीत राहत. काकूंना दम्याचा त्रास. उशाला दोन उशा आणि हातात सतत श्वासाचा पंप. “घरात दोन पंप,” काका म्हणत, “एक पाण्याचा, एक हिचा. पाण्याचा कधीतरी बंद असतो.” दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुसरीकडे खोली मिळावी म्हणून अर्ज केला होता. कारण लिहिलं होतं, राख. निवासस्थान समितीनं हवेचे आकडे मागवले, आकडे मर्यादेत निघाले, अर्ज फेटाळला गेला. आकड्यांखाली सही शून्यबाईची होती. तिला वाईट वाटलं होतं, पण फार नाही. आकडा कुणाचा काका-मामा नसतो, असं ती तेव्हा काकांना म्हणाली होती, आणि काकांनी मान डोलावली होती. आता दुसरा अर्ज समितीपुढे होता. निर्णय या महिन्याच्या अहवालावर.

हा सोमवार झाला.

मंगळवारी गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं आणि स्टेपनीत हवा नव्हती. “हवा मोजणाऱ्यांची गाडी,” ड्रायव्हर म्हणाला, “आणि नेमकी हवाच नाही.” ती चालत निघाली, पोचली तेव्हा सात वाजून बारा मिनिटं झाली होती. सवयीनं तिनं मशीनचं झाकण उघडून पट्टी पाहिली. फिकट करड्या ठिपक्यांची रांग, आणि शेवटी एक काळा. तव्याच्या बुडासारखा. पडद्यावर सहा ते सातचा आकडा होता ९१०.

तिनं काय केलं, तर मशीनवर संशय घेतला. वजन माहीत असलेली पारदर्शक फीत किरणांच्या वाटेत धरून पाहिली. वजन बरोबर आलं. नळीची गळती तपासली, नव्हती. हवेचा वेग मोजला, योग्य होता. चकती काढून रिकामा काउंटर चालवला. तो गप्प होता, जितका असायला हवा तितका. दोन तास ती मशीनला खोटं पाडायचा प्रयत्न करत होती, आणि ते जमलं नाही. मग तिनं नोंदवहीत त्या दिवसापुढे लाल शाईनं ‘बाद’ लिहिलं, कारण सहाला शून्य घेतलेलं नव्हतं. हात आपोआप चालला.

बुधवारी ती वेळेवर पोचली. सहाला शून्य लावलं, पण या वेळी दार बंद करून आत बसली नाही. पट्टीचा एक कोरा तुकडा तिनं काकांच्या बाकावर चार खड्यांखाली ठेवला आणि शेजारी बसली. सहा वाजून अकरा मिनिटांनी कागदावर पहिले कण दिसले. साडेसहाला तिनं बोट फिरवलं तर रेघ उमटली. खोलीत काकूंचा खोकला सुरू झाला, आणि काका उठून आतून खिडकीच्या फटीत फडकं कोंबून आले.

“दिसली?” ते म्हणाले.

“दिसली.”

सातला राख थांबली. नळ बंद करावा तशी.

गुरुवारी तिनं अकरा वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम नियम मोडला. सहाला केबिनमध्ये हजर राहून शून्य घेतलं नाही. हात मांडीवर ठेवून बसली. सातला पट्टी सरकली, ठिपका काळा, आकडा ९४०. तिनं कागदावर हिशेब मांडला. उरलेले तेवीस तास सत्तरच्या आसपास धरले, त्यात हा एक मिळवला, चोवीसनं भागलं. एकशेसहा. एका तासानं दिवस मर्यादेबाहेर जात होता, आणि तो एक तास मोजला जाणार नाही याची व्यवस्था रोज पहाटे साडेचारला उठून ती स्वतः करत होती.

वीजकेंद्रात चिमणीच्या आधी धूर गाळणारं एक चारमजली लोखंडी खोकं असतं. तिथले लोक त्याला नुसतं ईएसपी म्हणतात. आत पत्र्यांच्या रांगा. विजेच्या भारानं राख पत्र्यांना चिकटते, हातोडे पत्रे ठोकतात, राख खाली पडते. हे तिला पुस्तकातून माहीत होतं, आणि घरातूनही. तिचा नवरा त्या केंद्रात विद्युत विभागाचा फोरमन होता. दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात त्याची ढाल होती : ‘ऊर्जा बचत, प्रथम क्रमांक’. दर रविवारी ती पुसायची.

त्या संध्याकाळी सातला तो आला, बेसिनवर हात धुवायला लागला.

“अहो, सकाळी सहाला ईएसपीचा प्रवाह बंद करता का?”

त्यानं साबण पुन्हा लावला. “कोण म्हणालं?”

“राख म्हणाली.”

तो हात पुसत खुर्चीवर बसला. “तासभर. पत्रे झाडायला. प्रवाह चालू असताना हातोडे मारले तर राख अर्धीच सुटते. बंद करून मारले की पाऊण तासात पत्रे लख्ख होतात. मग पुढे दिवसभर कमी विजेत काम भागतं. बचत आहे ती. खोटी नाही.”

“आणि सुटलेली राख?”

“बरीचशी खाली पडते.”

“उरलेली माझ्या पट्टीवर आहे. चिमणीवर तुमचं पण मीटर आहे ना? ते काय सांगतं?”

“त्याची देखभाल असते तेव्हा.”

“कधी?”

“सहा ते सात.”

“सहालाच का?”

“कुठल्यातरी वेळी करावंच लागतं, अगं.”

“मी विचारलं, सहालाच का?”

त्यानं टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही. “कॅन्टीनमध्ये गंमत चालली होती. नवे इंजिनिअर आले होते, विचारत होते की हे मोजणारे लोक येतात कधी. मी म्हटलं, येतात काय, आमच्याच घरातून निघतात. सहाच्या ठोक्याला नळी बंद करते, सातला उघडते. घड्याळ लावा हवं तर. सगळे हसले. मी पण हसलो.”

“मग?”

“पुढच्या आठवड्यात वेळापत्रक लागलं.”

“किती वर्षं झाली?”

“नऊ होतील.”

“नऊ वर्षं रोज पाच-वीसला दारात उभे राहून मला ‘सांभाळून जा’ म्हणताय.”

“मग काय म्हणायला हवं होतं?”

“आज उशिरा जा, एवढंच.”

तो पेल्याकडे बघत म्हणाला, “माझी आठ महिने नोकरी राहिली आहे.”

“ते मला माहीत आहे. कॅलेंडरवर मीच खुणा करते.” ती आत गेली आणि ताटं वाढली. दोघं जेवली. सून माहेरून परत कधी येणार यावर थोडं बोलणं झालं.

शुक्रवारी ती दोन काळ्या ठिपक्यांची पट्टी पाकिटात घालून साहेबांपुढे बसली. साहेब वाईट माणूस नव्हते. ऑफिसात पंखा बंद पडला तर आधी शिपायाच्या टेबलाजवळचा दुरुस्त करा म्हणणारे होते. त्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

“काळे आहेत,” ते म्हणाले.

“मंगळवार आणि गुरुवार. गुरुवारची सरासरी एकशेसहा.”

“पण बाई, हे दिवस बाद आहेत.”

“शून्य घेतलं असतं तर हा तास दिसलाच नसता, साहेब.”

“पटतंय मला. पण नियम बघा.” त्यांनी नियमपुस्तक काढलं, पान त्यांना पाठ होतं. वाक्य मोठ्यानं वाचलं, ‘बाद समजावेत’पर्यंत. “तुमचीच भाषा. मी प्रशिक्षणात उदाहरण म्हणून वाचून दाखवतो. काय बोलणार याच्यापुढे?”

ती बोलली. शून्याची वेळ रोज वेगळी ठेवू, आधी कुणालाच सांगायची नाही. साहेबांनी विचारलं, मग गाडीची मागणी आदल्या दिवशी कशी टाकायची, ड्रायव्हरची पाळी कशी लावायची, आणि एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना कशी करायची. तिसऱ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पहिल्या दोनांना नव्हतं. तिनं विचारलं, निदान पट्टी निवासस्थान समितीला दाखवता येईल का. साहेब म्हणाले, समितीला पट्टी नको असते, आकडा हवा असतो.

“मग वेळ तरी बदला. सहा सोडून काहीही.”

“हे करता येईल,” साहेब लगेच म्हणाले, आणि त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. “रीतसर करू. दुपारी दोन ते तीन चालेल? गाडी मोकळी असते.”

टायपिस्टनं परिपत्रक तिच्यासमोरच टाइप केलं. सोमवारपासून शून्य तपासणीची वेळ दुपारी दोन ते तीन. साहेबांची सही झाली. तिनं खालची ओळ वाचली : ‘माहितीसाठी प्रत – मुख्य अभियंता, वीजकेंद्र’.

“त्यांना कशाला?”

“त्यांच्या मीटरची देखभाल आपल्या वेळेशी जुळवायची असते ना,” टायपिस्ट म्हणाली. “जुना पत्रव्यवहार आहे. प्रत नाही गेली तर तेच फोन करून मागतात.”

साहेब खिडकीकडे बघत होते. “पद्धत आहे, बाई. मी प्रत थांबवली तर कारण लिहावं लागेल. कारण काय लिहू? दोन बाद दिवस?”

महिन्याचा अहवाल त्याच दिवशी जायचा होता. सरासरी एकाहत्तर. बाद दिवस दोन. तिनं सही करण्याआधी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, की सकाळी सहा ते सात वीजकेंद्रातून राख सोडली जाते, दोन्ही दिवशीचे आकडे अमुक, पट्टी जपून ठेवली आहे. मग सही केली. टायपिस्टनं कागद घेतला, संगणकावर आकडे भरले आणि कागद फायलीला लावला.

“शेरा राहिला,” शून्यबाई म्हणाली.

“समितीकडे ऑनलाइन जातं, ताई. त्या फॉर्मात शेऱ्याचा रकाना नाही.” तिनं स्क्रीन वळवून दाखवला. खरंच नव्हता.

रविवारी सुट्टी नव्हती. मशीनला रविवार नसतो. सातला फिल्टर काढून ती बाकापाशी आली. काकांना तिनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. तास, ढाल, कॅन्टीन, नवरा, नियम, शेरा. काकांचं फडकं बाकावर फिरत राहिलं.

“म्हणजे माझं खरं होतं,” ते शेवटी म्हणाले.

“खरं होतं.”

“आणि अर्ज?”

“आकडा एकाहत्तर गेलाय. फेटाळतील.”

“तुम्हीच सही केलीत?”

“मीच केली.”

“मग आता तुम्ही बोललात ते सगळं एका कागदावर लिहून द्या.”

तिनं नोंदवहीतलं पान फाडलं आणि उभ्यानंच लिहिलं. आकडे, तारखा, वेळ. खाली पूर्ण नाव, जे काकांनी पहिल्यांदाच वाचलं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“शिक्का?”

“शिक्का ऑफिसात असतो. या कागदावर मिळणार नाही.”

“बिनशिक्क्याचा कागद घेऊन मी वॉचमन कुणापुढे उभा राहू?” ते रागावले नव्हते, खरोखर विचारत होते. कागदाच्या चार घड्या झाल्या आणि तो खिशात गेला.

“उद्यापासून मी दुपारी दोनला येईन,” ती म्हणाली. “दोन ते तीन खिडकी लावून घ्या.”

“राख पण दोनला?”

“बहुतेक.”

“सहाला ही निदान आत अंथरुणात असायची. दुपारी खोलीत पंपाची धग येते म्हणून मी तिची खाट बाहेर काढतो.” काका आवाराकडे बघत म्हणाले, जिथे खाटेच्या चार पायांचे खळगे मातीत होते. मग त्यांनी फडकं झटकलं. “चला, सकाळचे कपडे तरी पांढरे वाळतील.”

खोलीतून काकूंनी विचारलं, बाई गेल्या का, चहा ठेवू का. शून्यबाई म्हणाली, आज नको. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, उद्यापासून दुपारची ड्युटी हे खरं का. खरं असेल तर बरं होईल, मुलीला शाळेत सोडता येईल.

संध्याकाळी नवरा केंद्रातून आला. चप्पल काढता काढता म्हणाला, उद्यापासून त्याला दुपारपाळी, फाटकाजवळच्या फळ्यावर नवं वेळापत्रक लागलंय. काय लागलंय ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. तिनं घड्याळातला साडेचारचा गजर काढून टाकला. कपाटातली ढाल त्या रविवारी पुसली गेली नव्हती. त्याच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं एकदा तिकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

उद्या सोमवार. तो साडेबाराला निघेल, ती सव्वाला. पंपघराच्या केबिनमध्ये दुपारी दोन ते तीन शून्य घेतलं जाईल, आणि दुपारी दोन ते तीन ईएसपीचा प्रवाह बंद राहील.